ऑर्किडचं क्रॉसिंग: पोरं कोणावर जातात?

या आठवड्यात ऑर्किडबद्दल दोन प्रश्न आलेत. तळेगावच्या एका दादांच्या पॉलिहाऊसमधल्या सोनिया डेंड्रोबियमला (डेंड्रोबियम म्हणजे ऑर्किडचा एक प्रकार) काही केल्या शेंग धरत नाहीये. आणि कोथरूडच्या ताईंना बाल्कनीत पांढरं आणि जांभळं डेंड्रोबियम क्रॉस करायचंय, फिकट जांभळं मिळेल का म्हणतात.

दादा, खत-औषधं बदलत बसू नका. कटफ्लॉवरच्या, म्हणजे फुलं कापून विकायच्या, बऱ्याच जाती ट्रिप्लॉइड असतात, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच, त्यामुळे शेंग धरतच नाही आणि धरली तरी आत पोकळ निघते. दुसरं झाड घ्या सरळ.

ताई, फिकट येतीलही, पण दुकानातली झाडं मुळातच कैक पिढ्यांचे हायब्रीड, त्यामुळे एकाच शेंगेतली पोरं एकसारखी निघत नाहीत. कॅटलिया या दुसऱ्या ऑर्किडात तर दोन पांढऱ्यांच्या पोटी जांभळं आल्याची उदाहरणं आहेत, कारण रंगाला दोन जनुकं लागतात, एका झाडात एक बंद, दुसऱ्यात दुसरं, आणि पोरात दोन्ही चालू होतात! रंगापेक्षा झाडाची ठेवण बघा असं मी तरी म्हणेन. फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस हे ऑर्किड घेतलं की दांडीला फांद्या आणि भरपूर छोटी फुलं, हे पोरांत हमखास उतरतं. कॅटलिया कॉक्सिनिया लाल रंग आणि बुटकेपणा देतं खरं, पण थंड हवेची आवडही सोबत येते, मग पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये काय करणार? तुमच्याच बाल्कनीत उन्हाळा काढलेलं, दांडगं झाड आई म्हणून घ्या, शेंग त्यालाच पोसायचीय.

फूल उमलून चार-पाच दिवस झाले की मधल्या खांबाच्या टोकावरची बारीक टोपी टूथपिकनं उचला, खाली पिवळ्या पोलनच्या (परागांच्या) गोळ्या दिसतील, त्या दुसऱ्या फुलाच्या खांबाखालच्या चिकट खळग्यात दाबा. फूल लगेच मान टाकतं, घाबरू नका. लेबल त्याच दिवशी लावा, आईचं नाव आधी.

बी कुंडीत टाकून उगवत नाही, भुकटीसारखं असतं आणि आत अन्नसाठाच नसतो. शेंग तडकायच्या आधी हिरवीच टिश्यू कल्चर लॅबला (बाटलीत रोपं वाढवतात ती) द्यायची, पण एक-दोन शेंगा घेतात का ते क्रॉस करायच्या आधीच विचारून ठेवा. फुलं बघायला पुढे दोन-तीन वर्षं धरा, कॅटलियाला त्याहून जास्त. आणि क्रॉससाठी म्हणून सह्याद्रीतली सीतेची वेणी (रानातलं ऑर्किड) झाडावरून ओरबाडून आणू नका, नर्सरीत वाढवलेली मिळाली तरच घ्या.