स्टिकर लाल झाला म्हणून वॉरंटी गेली?

प्रश्न : ताई, महालात माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या ऑगस्टमध्ये सीताबर्डीच्या एका दुकानातून तिला लॅपटॉप घेऊन दिला. किंमत ५२,४०० रुपये, वॉरंटी एक वर्षाची. मे महिन्यापासून स्क्रीन काळी पडून राहिली आहे. झाकण अर्धवट उघडलं की दिसतं, जरा मागे नेलं की अंधार. दुकानदाराने सर्व्हिस सेंटरला पाठवलं. तिथल्या पोराने मशीन खोललं, आतला लाल झालेला एक स्टिकर दाखवला आणि म्हणाला, "काका, पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही. मदरबोर्ड बदलायला २६ हजार लागतील." आमच्याकडून त्यावर पाण्याचा थेंब सांडलेला नाही. उन्हाळाभर खोलीत कूलर चालतो, तेवढंच. दुकानदार म्हणतो, आमचं काम विकायचं, पुढचं कंपनी पाहील. बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असंही छापलेलं आहे. वॉरंटी संपायला वीस दिवस उरलेत. काय करू?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : दादा, हे वीस दिवस फार मोलाचे आहेत. तुमचं पत्र वाचताना मला खटकलं ते असं, की २६ हजारांचा आकडा तुम्हाला तोंडी सांगितला आणि नकारही तोंडीच दिला. उद्याच सर्व्हिस सेंटरला जा आणि जॉब शीट मागा. तुमची तक्रार काय, त्यांना आत काय सापडलं, वॉरंटी कोणत्या कारणाने नाकारली, हे सगळं त्यावर तारखेसह लिहून घ्या. त्या स्टिकरचा फोटोही मागा. देत नसतील तर तिथेच बसून कंपनीला ईमेल करा : "आज अमुक तारखेला अमुक केंद्राने वॉरंटी तोंडी नाकारली, लेखी कारण दिलं नाही." वॉरंटीच्या मुदतीत तक्रार नोंदवल्याचा पुरावा हातात असला, की वर्ष उलटल्यावर 'आता मुदत संपली' असं म्हणून तुम्हाला परत पाठवणं त्यांना जमणार नाही.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात आमचा नवा फ्रिज बंद पडला. आत बाबांचं इन्सुलिन होतं. मेकॅनिकने 'व्होल्टेजमुळे गेला, वॉरंटी नाही' असं सांगितलं आणि मी घाबरून पैसे मोजले. नंतर भांडायला गेले तेव्हा माझ्या हातात एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. तो मेकॅनिक असं काही बोललाच नाही, असं मला ऐकवण्यात आलं.

आता लाल स्टिकरचं पाहू. लॅपटॉपच्या आत असे पांढरे तुकडे लावलेले असतात आणि ओल लागली की ते रंग बदलतात. त्यावरून तिथवर ओल पोचली एवढंच कळतं. स्क्रीन त्याच ओलीने गेली, हे त्यावरून ठरत नाही. तुमच्या पत्रातच मोठी खूण आहे : झाकणाचा कोन बदलला की चित्र जातं. स्क्रीनला जाणारी केबल बिजागरीतूनच वर जाते. ती दबली किंवा सैल झाली की नेमकं असंच होतं. घरी एक साधी परीक्षा करा. एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा. झाकण मागे नेल्यावर लॅपटॉपची स्क्रीन काळी पडली आणि टीव्हीवर चित्र नीट राहिलं, तर मदरबोर्ड चित्र पाठवतो आहे आणि दोष केबलमध्ये किंवा पॅनलमध्ये असण्याचीच शक्यता जास्त. मग २६ हजारांचा मदरबोर्ड कशासाठी, हा प्रश्न त्यांना लेखी विचारा. मुलीला सांगा, झाकण हळूहळू उघडतानाचा एक सलग व्हिडिओ काढ, त्यात टीव्हीही दिसू दे. आणि तिला एकदा शांतपणे, न रागावता विचारून घ्या, चहा-पाणी खरंच सांडलं नव्हतं ना. सांडलं असेल तर आपली बाजू वेगळ्या तऱ्हेने मांडावी लागेल.

लॅपटॉप बाहेरच्या कुणा कारागिराकडून उघडून घेऊ नका. तसं केलंत तर 'तुम्हीच खोललं' हे आयतं कारण त्यांना मिळेल. सेंटरला पुन्हा देण्याआधी तिच्या प्रोजेक्टच्या फाइल्स मात्र दुसरीकडे उतरवून घ्या.

दुकानदाराला हात झटकता येत नाहीत. पैसे त्याने घेतले, बिल त्याने दिलं. त्यामुळे नोटीस दोघांच्या नावाने, दुकान आणि कंपनी. बिलावरच्या त्या छापील वाक्याने दबून जाऊ नका. तुम्ही रंग आवडला नाही म्हणून माल परत करायला गेलेला नाही, वॉरंटीतली दुरुस्ती मागताय. नोटीस मराठीत लिहिली तरी चालते, वकील लागत नाही. खरेदीची तारीख, बिल क्रमांक, दोष कधीपासून आहे, कोण काय म्हणालं, आणि शेवटी स्पष्ट मागणी : "१५ दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करा किंवा लॅपटॉप बदलून द्या, नाहीतर ग्राहक आयोगाकडे दाद मागेन." स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती बिलाला टाचून ठेवा.

त्याच सुमारास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ या क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ते आदेश देत नाहीत, पण तक्रार कंपनीकडे पोचवतात, आणि दुकानात दाद न देणाऱ्या कंपन्या पुष्कळदा तिथे नमतात.

तरीही नाहीच ऐकलं, तर जिल्हा ग्राहक आयोग. आपल्याकडे तो सिव्हिल लाइन्सला आहे आणि ई-जागृती पोर्टलवर घरूनही तक्रार भरता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली एक सोय तुमच्या फार कामाची आहे : कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. बिल तुमच्या नावावर आणि वापरते मुलगी, यानेही काही अडत नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारा कायद्याने ग्राहकच. दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याचं शुल्क मात्र आधी तुम्हाला भरावं लागतं. निकाल ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बरेचदा जास्त वेळ लागतो, तेवढी मनाची तयारी ठेवा. आयोग दुरुस्ती, बदली, पैसे परत आणि त्रासाबद्दल भरपाई, यांपैकी काहीही देववू शकतो.

पण मुलीची परीक्षा तोंडावर असेल आणि ती थांबू शकत नसेल, हे मी समजू शकते. स्वतःच्या पैशाने दुरुस्त करायची वेळ आलीच, तर लेखी नकार, फोटो आणि व्हिडिओ हातात येईपर्यंत लॅपटॉपला हात लावू देऊ नका. काम त्याच अधिकृत केंद्रात करा, पक्कं बिल घ्या, आणि काढलेली जुनी केबल किंवा बोर्ड मागून घ्या. तो सुटा भाग पिशवीत घालून, वर तारीख लिहून, बिलाच्या फाइलजवळच ठेवा.