आधी 'नाही मिळालं'ची वही, मग निधीची टिपणी

तुमचा प्रश्न मला असा कळला: राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात तुम्ही सहायक ग्रंथपाल म्हणून नुकत्याच लागलात. पुस्तकखरेदीचं हेड, म्हणजे अंदाजपत्रकातली तरतूद, तीन वर्षं जिथल्या तिथे आहे, विभाग याद्या देत नाहीत, खरेदी सगळी मार्चमध्ये होते, आणि त्यात एका निवृत्त सरांना त्यांची चार हजार पुस्तकं ग्रंथालयाला द्यायची आहेत. निधी कसा वाढवायचा, संग्रह कसा सुधारायचा, आणि सरांना काय सांगायचं?

मी अशाच एका विद्यापीठात ३१ वर्षं काढली, त्यातली ११ खरेदी विभागात. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी एक नावडता प्रश्न. मागच्या वर्षी पुस्तकांवर जी तरतूद होती, त्यातली डिसेंबरपर्यंत किती खर्च झाली? बहुतेक ठिकाणी रुपयातले चार आणेही झालेले नसतात. आणि सुधारित अंदाजपत्रक बनतं नेमकं त्याच सुमारास. लेखा विभागातला माणूस तुमची गरज बघत नाही, प्रत्यक्ष खर्चाचा रकाना बघतो. तिथे शून्याच्या जवळचा आकडा दिसला की पुढच्या वर्षी वाढ मागायला तोंडच राहत नाही. जून-जुलैत पहिली खरेदी आणि दिवाळीच्या आत निम्मा खर्च, एवढं जमवलंत तरी निधी मागणाऱ्या टिपणीतली अर्धी पानं लिहावीच लागणार नाहीत.

मार्चच्या खरेदीचं काय होतं ते सांगतो. मी या विभागात आलो त्या पहिल्याच वर्षी २८ मार्चला संध्याकाळी विक्रेत्याचा टेम्पो लागला. ३१ च्या आत बिल पास व्हायला हवं म्हणून आम्ही चौघं रात्री साडेनऊपर्यंत शिक्के मारत आणि दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीची वही, भरत बसलो. तिसऱ्या खोक्यातून संशोधन पद्धतीवरची सतरा पुस्तकं निघाली. प्रकाशक वेगवेगळे, मजकूर एकमेकांवरून उतरवलेला. कोणी मागितली नव्हती, विक्रेत्याकडे पडून होती ती आली. निवृत्त व्हायच्या आठवड्यात मुद्दाम जाऊन बघितलं. बहुतेकांच्या ड्यू डेट स्लिपवर, म्हणजे परतीची तारीख मारायच्या चिठ्ठीवर, एकही तारीख नव्हती.

आता 'नाही मिळालं'च्या वहीबद्दल, कारण माझं खरं उत्तर तेच आहे. देवघेवीच्या काउंटरवर एक दोनशे पानी वही दोरीने बांधून ठेवा. रकाने चार: तारीख, विभाग, काय मागितलं, काय सांगून परत पाठवलं. वाचकाचं नाव लिहू नका, त्याची गरज नाही. पहिल्या महिन्यात आमच्या वहीत काहीच नोंद झाली नाही, कारण काउंटरवरच्या मंडळींना वाटलं ही आपल्याविरुद्धची तक्रारवही आहे. मग मी रोज दुपारी एक तास स्वतः काउंटरवर बसायला लागलो आणि चहाबरोबर नोंदी करायला लागलो. हळूहळू इतरांचे हातही वळले. आपल्याकडे किती पुस्तकं गेली-आली याची नोंद चोख असते, पण किती माणसं रिकाम्या हाताने परत गेली याची नोंद कुठेच नसते. मागणीचा पुरावा मात्र तोच.

वर्षाअखेर टिपणी लिहिताना मी त्या वहीतली नऊ पानं झेरॉक्स करून जोडली. त्यात एकाच महिन्यात पाच वेळा एक नोंद होती: 'अर्थशास्त्र, सहकारी साखर कारखान्यांचे जुने वार्षिक अहवाल. नाही.' वित्त व लेखा अधिकारी त्या ओळीवर थांबले. ऊसपट्ट्यातलेच होते. म्हणाले, "आपल्याकडे हेही नाही?" मी म्हटलं, नाही साहेब. त्या वर्षी हेड वाढलं. मागितलं त्याच्या निम्मंच, पण वाढलं. आदल्या चार वर्षांत मी टक्केवारीचे तक्ते जोडून काही पदरात पाडून घेऊ शकलो नव्हतो.

आकड्यांवरून आठवलं. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने, म्हणजे विद्यापीठ शिक्षण आयोगाने, ग्रंथालयासाठी विद्यार्थ्यामागे ४० रुपयांचा हिशेब मांडला होता, तेही त्या काळचे ४० रुपये. हा आकडा भाषणात छान वाटतो. लेखा विभागात तो सांगू नका, तिथे पगाराचा आकडा समोर असतो आणि लोक नुसते हसतात.

पैसा ज्या वाटेने चालतो ती वाट पाठ करा. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली अंदाजपत्रक वित्त व लेखा समितीकडून व्यवस्थापन परिषदेकडे आणि तिथून अधिसभेकडे (सिनेटकडे) जातं. अधिसभेत चर्चा होते तोवर आकडे काळ्या दगडावरची रेघ झालेले असतात. म्हणून खात्यांकडून मागण्या मागवतात तेव्हाच तुमची टिपणी टेबलावर हवी. अधिसभेचा उपयोग वेगळा. प्रवेशाच्या वेळी ग्रंथालय शुल्क म्हणून वर्षाला किती गोळा होतं आणि त्यातलं पुस्तकांवर किती जातं, हा प्रश्न नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून आलेल्या एखाद्या सदस्याने तिथे विचारला, की दुसऱ्या दिवशी माहिती गोळा करायला लेखा विभाग तुमच्याकडेच येतो. तुम्ही स्वतः विचारू नका, नोकरी नवीन आहे.

आता नियतकालिकं. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या, सरकारी संस्थांना संशोधन नियतकालिकं ऑनलाइन खुली करणाऱ्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि केंद्र-राज्य सरकारांच्या ६,३०० च्या वर संस्था. समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राकडे. तुमचं विद्यापीठ त्यात असणार. तेव्हा पहिलं काम म्हणजे तुम्ही स्वतः वर्गणी भरत असलेल्या परदेशी नियतकालिकांची यादी योजनेतल्या यादीशी ताडून बघणं. दोन्हीकडे असलेल्यांचे पैसे तुम्ही फुकट भरताय.

पण थांबा, इथेच बहुतेकजण फसतात. वर्गणी बंद केली, बचत झाली, असं अभिमानाने कळवलं, की पुढच्या वर्षी तेवढी रक्कम हेडमधून गायब. बचतीचं पत्र आणि पुनर्विनियोजनाचा, म्हणजे ती रक्कम दुसऱ्या खर्चाकडे वळवण्याचा, प्रस्ताव एकाच पाकिटात गेला पाहिजे. ती रक्कम कशावर खर्च करायची ते त्यातच लिहा: मराठी नियतकालिकं, जी त्या योजनेत शोधून सापडणार नाहीत, आणि पुस्तकं, कारण ती योजना नियतकालिकांपुरतीच आहे. 'आता सगळं ऑनलाइन फुकट मिळतं, मग पुस्तकं कशाला?' असं समितीत कोणीतरी म्हणणारच. त्या वेळी वही उघडा. तिथल्या नोंदी बहुतेक पुस्तकांच्याच असतील.

खरेदी निविदा काढूनच करा, असा आग्रह झाला तर एक गोष्ट माहीत असू द्या. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम १४३ मध्ये 'वस्तू' या शब्दाच्या व्याख्येतून ग्रंथालयाची पुस्तकं आणि नियतकालिकं वगळलेली आहेत. राज्य विद्यापीठाला हा नियम थेट लागत नाही, पण शेरा लिहिणाऱ्याला तो दाखवला की सूर बदलतो. सर्वात स्वस्त दर देणारा विक्रेता हवं ते पुस्तक आणतो असं नसतं, तो सवलत जास्त मिळते ते आणतो. त्याच नियमांत आणखी एक कामाची तरतूद आहे: वर्षभरात वाचकांच्या हाताखालून गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच हरवले, तर अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसल्यास ते नुकसान वाजवी धरता येतं. आमच्याकडे एका जुन्या साहेबांनी हरवलेल्या पुस्तकांच्या धास्तीने सगळी कपाटं कुलपात ठेवली होती. हरवणं थांबलं आणि वाचणंही.

बाहेरचा पैसा म्हणाल, तर राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचा दरवाजा आपल्यासाठी नाही, ते सार्वजनिक ग्रंथालयांचं काम आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी शिक्षणाच्या नावाखाली मिळू शकतो, २०१३ च्या कंपनी कायद्यात ती सोय आहे. मात्र कंपनीला आवडतात वाचनकक्ष, खुर्च्या आणि पाटी. ही हौस जुनीच आहे. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला प्रेमचंद रायचंदांनी १८६४ मध्ये दोन लाख दिले, मग आईच्या नावाने मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले, आणि राजाबाई टॉवर उभा राहिला. आता तो मनोरा सगळ्यांना माहीत आहे, पण खाली ग्रंथालय आहे हे किती जणांना ठाऊक असतं? देणगीदाराला इमारत द्या, पण त्याच करारात पुस्तकांसाठी ठेव मागा. मुद्दलाला हात नाही, व्याजातून दरवर्षी खरेदी, आणि पुस्तकाच्या आत त्यांच्या नावाची पट्टी. आमच्याकडे एका माजी विद्यार्थ्याची अशी छोटी ठेव होती. महामारीच्या वर्षी बाकी सगळी हेडं गोठली, तेव्हा तेवढीच खरेदी झाली.

विद्यार्थ्यांनी परत न नेलेल्या अनामत रकमांची चौकशीही करून ठेवा. ते पैसे आपले नव्हेत, पण त्यावरच्या व्याजाचा विषय व्यवस्थापन परिषदेपुढे नेता येतो. विभागांना याद्यांसाठी स्मरणपत्रं पाठवणं मी सोडून दिलं होतं. त्याऐवजी प्रत्येक विभागात जाऊन त्यांच्या नावावरच्या शिल्लक रकमेचा कागद सूचनाफलकावर लावायचो. शेजारच्या विभागाची शिल्लक शून्य झालेली दिसली की याद्या आपोआप यायच्या.

संग्रहाचं म्हणाल, तर सगळ्यांकडे असलेली पुस्तकं आपल्याकडे नसली तरी चालतं, ती डेलनेटसारख्या जाळ्यातून आंतरग्रंथालयीन देवघेवीने येतात. आपल्या जिल्ह्याचे कागद मात्र दुसरं कोणी जपणार नाही. त्या साखर कारखान्यांच्या अहवालांसाठी मी एक पैसाही खर्च केला नाही. छापील पत्र केलं, कारखान्यांच्या, बाजार समित्यांच्या आणि नागरी बँकांच्या कार्यालयांत स्वतः जाऊन दिलं. एका कारखान्यातल्या वृद्ध टाइमकीपरनी माळ्यावरून दोन पोती काढून दिली, वर उंदरांच्या लेंड्या आणि खाली साठच्या दशकापासूनचे अहवाल. 'घेऊन जा, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत जाणारच आहेत,' म्हणाले. स्मरणिका, साप्ताहिकांचे दिवाळी अंक, संमेलनांची इतिवृत्तं, तालुक्याच्या शाळांचे शताब्दी ग्रंथ, हे असंच गोळा होतं. पुढे बाहेरच्या विद्यापीठांतले संशोधक त्यासाठी आमच्याकडे यायला लागले, आणि त्यांच्या सहीची नोंदवही पुढच्या टिपणीला जोडता आली.

निर्लेखनाला, म्हणजे निकामी पुस्तकं रीतसर संग्रहातून काढण्याला, घाबरू नका. अभ्यासक्रम बदलल्यावर मेलेल्या गाइडांच्या तीस-तीस प्रती जागा अडवतात. समितीचा ठराव, यादी, दाखल नोंदवहीत लाल शेरा, एवढं केलं की लेखापरीक्षणात अडचण येत नाही.

राहता राहिले तुमचे निवृत्त सर. चार हजार पुस्तकं सरसकट घेऊ नका, आणि नाहीही म्हणू नका. आधी त्यांच्या घरी जा, यादी मागू नका, कपाटांचे फोटो काढा. ज्या विषयात त्यांनी आयुष्य घालवलं तो भाग अख्खा घ्या, समासातल्या टिपांसह. पुढे त्यांच्यावर काम करणाऱ्याला त्या टिपाच हव्या असतात. बाकीचं तालुक्याच्या वाचनालयाला द्यायला त्यांची लेखी परवानगी घ्या. 'संग्रह कायम एकत्र, वेगळ्या दालनात' ही अट मान्य करू नका, तुमच्यानंतर ती पाळणारा कोणी नसेल. पुस्तकं स्वतंत्र कपाटात हवीत असा आग्रह असेल, तर हरकत नाही म्हणा. कपाटं मात्र सरांनी द्यायची.