स्टीअरिंग कोणाच्या हातात?

प्रश्न : मुलीच्या एम.एस्सी.च्या वहीत ‘क्वांटम स्टीअरिंग’ असा शब्द दिसला. एन्टँगलमेंट ऐकून होतो. घरी डावी चप्पल सापडली की हरवलेली उजवी हे कळतं, तसंच ना ते? आणि स्टीअरिंग आहे म्हटल्यावर इथून तिकडे निरोप धाडता येईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : निरोप धाडता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चपलेचं उदाहरण मीही वर्गात वर्षानुवर्षं दिलं. ते अर्धंच खरं आहे.

जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरून सोललेली पोलरॉइडची पट्टी माझ्या टेबलावर असते. उभी धरली की उभ्या ध्रुवीकरणाचा (म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणारा) प्रकाश जातो, आडवा अडतो. आता समजा, एन्टँगल झालेल्या (म्हणजे मोजमापांचे निकाल एकमेकांशी बांधले गेलेल्या) जोडीतला एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, माझ्याकडे, दुसरा तुमच्याकडे. मी पट्टी उभी धरली आणि माझा पार झाला, तर तुमचा आडवा. माझा अडला, तर तुमचा उभा. खात्रीने. पट्टी ४५ अंशांत तिरकी केली, तर तुमचा दोन तिरक्यांपैकी एक, तेही खात्रीने. चप्पल घरातून निघतानाच डावी किंवा उजवी असते. तुमचा फोटॉन तसा निघतानाच ‘उभा’ ठरलेला असता, तर तिरक्या पट्टीतून तो निम्म्या वेळाच गेला असता आणि माझं भाकीत फसलं असतं.

तुमचा फोटॉन उभं-आडवं या जोडीत पडेल की तिरक्यांच्या, एवढंच मी निवडतो; हेच ते स्टीअरिंग. त्यातलं कुठलं, ते माझ्या हातात नाही. म्हणून तुमच्या वहीत कायम निम्मे-निम्मेच येणार. मी फोन करून माझी नोंद वाचून दाखवली तरच मेळ दिसेल. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने १९३५ मध्ये ‘स्टीअरिंग’ हा शब्द वापरला. मला तो फारसा पटत नाही. चाक माझ्या हातात, पण डावीकडे वळायचं की उजवीकडे ते गाडी ठरवते!

एन्टँगलमेंट आणि स्टीअरिंग एकच नव्हेत. अशा जोड्यांत निव्वळ गोंगाट (म्हणजे आपसात काहीच मेळ नसलेले फोटॉन) मिसळत गेलो, तर अस्सल जोडीचा वाटा एक-तृतीयांशाहून जास्त असेपर्यंत एन्टँगलमेंट टिकतं. स्टीअरिंगला निम्म्याहून जास्त लागतो, आणि निकाल चपलेसारखे निघतानाच ठरलेले होते का, हे तपासणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ बेलच्या नेहमीच्या कसोटीला सुमारे ७१ टक्क्यांहून जास्त. ही नेमकी विभागणी वाइजमन, जोन्स आणि डोहर्टी या भौतिकशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये मांडली.

आणखी एक गंमत मुलीला सांगा. एन्टँगलमेंट दोघांचं सारखंच. स्टीअरिंग मात्र एकतर्फी असू शकतं. जर्मनीत २०१२ मध्ये प्रकाशाच्या दोन झोतांवर तसं करून दाखवलंय : पहिला दुसऱ्याला वळवतो, दुसऱ्याला पहिला वळवता येत नाही.