‘निदान खराब होते’ : एका वाक्याची दुरुस्ती

प्रश्न एका वाक्यावरून आला आहे. वैद्यकीय शोधनिबंधाचा सारांश मराठीत आणताना प्रश्नकर्त्याने असं लिहिलं: ‘रक्तातील जळजळीचे मार्कर स्वतंत्रपणे वाढलेले असल्यास प्रोस्टेट कर्करोगाचे निदान खराब होते.’ त्यांना फक्त ‘जळजळ’ खटकते आहे. तिथे ‘दाह’ घ्यावा की ‘शोथ’, एवढंच त्यांनी विचारलं आहे.

जळजळ काढायलाच हवी, पण ती या वाक्यातली सगळ्यात छोटी दुखापत आहे. मोठी आहे ‘निदान’.

आजार कोणता हे ओळखणं म्हणजे निदान. मूळ निबंधात विषय आहे तो आजार ओळखल्यानंतर पुढे काय होईल याचा. इंग्रजीतले ‘डायग्नोसिस’ (आजाराची ओळख) आणि ‘प्रॉग्नोसिस’ (पुढे काय होईल याचा अंदाज) हे दोन शब्द कानाला जुळे वाटतात आणि घाईत दोन्हींना ‘निदान’ हे एकच लेबल लागतं. मग ‘निदान खराब झालं’ असं काहीतरी छापून येतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की डॉक्टरांचं ओळखण्यात काही चुकलं.

तसं पाहिलं तर ‘निदान’ हा शब्द भटक्याच आहे. आयुर्वेदाच्या निदानपंचकात निदान म्हणजे रोगाचं कारण. पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती ही त्याची भावंडं. जुन्या मराठीत ‘निदानी’ म्हणजे अखेरीस. आणि आज आपण ‘निदान एक फोन तरी करायचास’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘किमान’. कारण, अखेर, किमान आणि रोगाची ओळख, एवढं सगळं हा एकच शब्द वाहतो आहे. त्याच्या डोक्यावर आणखी ओझं नको.

मग पर्याय काय? ‘पूर्वानुमान’ चालतो, पण तो वाचला की आधी पाऊस आठवतो. ‘भवितव्य’ माणसाचं असतं, आजाराचं नाही. ‘फलानुमान’ कुंडलीतून उठून आल्यासारखा वाटतो. जुना आणि नेमका शब्द हवा असेल तर ‘साध्यासाध्यता’ आहे. वैद्यांनी रोगांची वाटणी सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य अशी केली होती. यातला ‘याप्य’ तर आजही हेवा वाटावा असा आहे: समूळ बरा न होणारा, पण उपचार चालू असेपर्यंत आटोक्यात राहणारा. पसरलेला प्रोस्टेट कर्करोग हार्मोन-उपचारांनी अनेकदा वर्षानुवर्षं काबूत राहतो. त्या अवस्थेला आपण आज तीन-चार शब्द खर्च करतो. वैद्यांचं एका शब्दात भागत होतं. तरीही सर्वसाधारण वाचकासाठी मी ‘आजाराची पुढची वाटचाल’ असंच लिहीन. घरात आपण यासाठी ‘त्यांचं काही खरं नाही’ म्हणतो. अर्थ अचूक आहे, पण छापायची सोय नाही.

आता दाह आणि शोथ. ‘दह्’ म्हणजे जळणं, त्यावरून दाह. ‘शोथ’ म्हणजे सूज. ‘इन्फ्लमेशन’ या इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळातही आगच आहे, म्हणून ‘दाह’ त्याच्या जास्त जवळचा. शोथ हा प्रत्ययासारखा छान चिकटतो: संधिशोथ, आंत्रपुच्छशोथ. अवयवाचं नाव आलं की शोथ आणि सबंध शरीरातली प्रक्रिया सांगायची तर दाह, अशी विभागणी मला सोयीची वाटते. सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणं सांगितली होती: लाली, सूज, उष्णता, वेदना. त्यातल्या सुजेसाठी त्याचा शब्द होता ‘ट्यूमर’. म्हणजे साध्या सुजेचा शब्द पुढे गाठीने पळवला. दाह आणि कर्करोग यांची सांगड विर्शो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८६३ मध्ये घातली. गाठींच्या ऊतींमध्ये त्याला पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या.

‘जळजळ’ मात्र रुग्णाला जाणवावी लागते. छातीत होते, डोळ्यांची होते, लघवीला होते. प्रोस्टेटच्या संदर्भात तर हा शब्द धोक्याचाच, कारण लघवीची जळजळ हे वेगळंच लक्षण आहे. रक्ततपासणीत दिसणारा दाह माणसाला जाणवेलच असं नाही. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि शरीरात कुठेही दाह असला की वाढतं. १९३० मध्ये ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. ईएसआर या तपासणीत उभ्या नळीतल्या रक्तातल्या लाल पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजतात. दोन्ही तपासण्या ‘कुठेतरी काहीतरी चाललंय’ एवढंच सांगतात.

म्हणून ‘मार्कर’ला मी ‘दर्शक’ म्हणतो. ‘दाहदर्शक घटक’. दर्शक दाखवतो, करत नाही.

कर्करोगाच्या निबंधांत सध्या सगळ्यात जास्त भेटणारा दर्शक अगदी साध्या रक्तगणनेतून निघतो: न्यूट्रोफिल भागिले लिंफोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांचं गुणोत्तर. अहवालात न्यूट्रोफिल ७० टक्के आणि लिंफोसाइट २० टक्के असतील तर गुणोत्तर ३.५. वेगळी चाचणी नको, वेगळा खर्च नको. म्हणूनच त्यावर इतके निबंध आहेत, असं माझं किंचित खवचट मत आहे. पसरलेल्या आणि हार्मोन-उपचारांना दाद न देणाऱ्या प्रोस्टेट कर्करोगात हे गुणोत्तर जास्त असणाऱ्यांचं सरासरी आयुर्मान कमी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ग्रंथीपुरत्याच मर्यादित असलेल्या आजारात निष्कर्ष एका सुरात नाहीत. सीमारेषाही ठरलेली नाही. कोणी २ च्या आसपास घेतो, कोणी थेट ५. शिवाय स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात आणि लिंफोसाइट घटतात. याच आजारावरच्या ॲबिराटेरोन या औषधासोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावं लागतं, तेव्हा आकडा नेमकं काय दाखवतोय, आजार की गोळी, हे आधी पाहावं लागतं.

वाक्यातला ‘स्वतंत्रपणे’ जागा चुकून बसला आहे. मार्कर स्वतंत्रपणे वाढत नाहीत. संबंध स्वतंत्र असतो. वय, पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन), ग्लीसन गुणांक (सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा), आजाराचा टप्पा यांचा परिणाम गणिताने बाजूला काढल्यावरही दाहदर्शक आणि वाटचाल यांचा संबंध उरतो, असं संशोधकाला म्हणायचं असतं. हे एका क्रियाविशेषणात मावत नाही, सरळ उलगडून लिहावं.

आणि मग ते ‘असल्यास… होते’. माझा सगळ्यात मोठा आक्षेप यावर आहे. ‘पाऊस पडल्यास रस्ता ओला होतो’ या साच्यात वाक्य बसवलं की मराठी वाचक कारण आणि परिणाम वाचतो. मग पुढची पायरी ठरलेली: सीआरपी खाली आणा, कर्करोग सुधारेल. अभ्यासात असं काही सिद्ध झालेलं नसतं. सहसंबंध सांगायला मराठीत फार प्रामाणिक रचना आहे, ‘ज्यांच्यात… त्यांच्यात’. ती दोन गोष्टी शेजारी ठेवते, कोणी कोणाला ढकललं याबद्दल बोलत नाही. ‘होते’ऐवजी ‘दिसली’, ‘आढळली’ वापरलं की हेही कळतं की हे काही माणसांच्या गटात पाहिलेलं आहे, एकट्या रुग्णाला लागू पडणारा नियम नव्हे.

सगळं जमेस धरून मी असं लिहीन: ‘ज्या रुग्णांच्या रक्तात दाहदर्शक घटक जास्त आढळले, त्यांच्यात प्रोस्टेट कर्करोगाची पुढची वाटचाल अधिक प्रतिकूल दिसली, वय, पीएसए आणि ग्लीसन गुणांक यांचा प्रभाव वगळून पाहिल्यावरही हा संबंध टिकून राहिला.’ मूळ निबंधात ज्या घटकांचा हिशेब केला असेल त्यांचीच नावं इथे घाला, माझी उचलू नका. वाक्य लांबलं आहे. लांबू द्या.

पुढच्या परिच्छेदात शब्दांची एक जोडी तुम्हाला बहुधा अडवेल, तीही आत्ताच सांगतो: ‘प्रॉग्नॉस्टिक’ आणि ‘प्रेडिक्टिव्ह’. काही दर्शक आजार कसा वाटचाल करेल ते सांगतात, तर काही अमुक औषध लागू पडेल का ते सांगतात. वरचं गुणोत्तर मुख्यतः पहिल्या जातीचं. बीआरसीए जनुकातला दोष दुसऱ्या कामाला येतो, कारण तो असेल तर ओलापॅरिबसारखं औषध उपयोगी पडण्याची शक्यता वाढते. पहिल्याला ‘वाटचालदर्शक’ आणि दुसऱ्याला ‘प्रतिसाददर्शक’ म्हणा. दोन्हींना ‘भाकीत करणारा’ म्हटलंत की फरक गेला.

‘प्रोस्टेट’ तसाच ठेवा. ‘पुरःस्थ’ हे ग्रीक शब्दाचं, म्हणजे ‘पुढे उभा असणारा’चं, शब्दशः रूप आहे. ‘अष्ठीला’ म्हणजे गोलसर दगड, तोही सुंदर आहे, पण दोन्हींना कंसात खुलासा लागतो. फक्त ‘प्रोस्ट्रेट’ लिहू नका. तिथला दुसरा र आगंतुक आहे, आणि छापील अहवालांतसुद्धा तो बिनदिक्कत बसलेला असतो.