इंग्रजीतल्या 'रन'चे इतके अर्थ लक्षात कसे ठेवायचे?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करता, 'रन'चे चाळीस अर्थ वहीत उतरवले, आणि सराव परीक्षेत नेमका एकेचाळिसावा आला. 'डायबेटिस रन्स इन हिज फॅमिली' याला तुम्ही 'मधुमेहामुळे घरात धावपळ चालू आहे' हा पर्याय निवडला. निवडणारे तुम्ही पहिले नाही.

मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. यवतमाळ जिल्ह्यात थोडी शेती आहे, कापूस आणि तूर. संध्याकाळी गावातल्या आठवी-नववीच्या पोट्ट्यांना इंग्रजी शिकवतो. या शब्दाची खरी ओळख मात्र मला शेजारच्या काकांनी करून दिली.

२ जानेवारी २०२१ ला कोरोना लसीकरणाचा 'ड्राय रन' झाला. महाराष्ट्रात पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबार हे चार जिल्हे त्यात होते. पेपरात हा शब्द वाचून काका सकाळीच दारात हजर. "मास्तर, ड्राय रन म्हणजे मोटर कोरडी चालते तेच ना? मंग हे लोकं सुई कोरडीच टोचून राह्यले काय?"

हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे हा शब्द विहिरीवर शिकतात. पाणी खाली गेलं, वीज रात्रीचीच येत असल्यानं कोणी बघायला नाही, मोटर तशीच चालत राहिली की तापून जळते. ती आपोआप बंद व्हावी म्हणून स्टार्टरच्या पेटीत जे बसवतात, त्यावरही 'ड्राय रन' लिहिलेलं असतं. काकांनी ते बसवलं नव्हतं आणि आधीच्या उन्हाळ्यात रिवायंडिंगचे पैसे मोजले होते.

मी समजावलं की ही रंगीत तालीम आहे. नोंदणी, रांग, खुर्ची, अर्धा तास बसवून ठेवणं सगळं खरं, फक्त लस नाही. काका म्हणाले, "म्हंजे कोरडीच."

आणि ते बरोबर होते! पाण्याशिवाय मोटर चालली, लशीशिवाय कार्यक्रम चालला. मी दोन अर्थ वेगवेगळे पाठ केले होते, काकांच्या डोक्यात तो एकच होता.

'रन'मध्ये पाय फार थोडे आणि 'न थांबता सुरू असणं' जास्त. माणसानं धावणं आणि पाण्यानं वाहणं हे दोन्ही अर्थ या शब्दाला हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही होते. पुढे यंत्रं आली, कारखाने आले, आगगाड्या आल्या, आणि जे जे सुरू राहतं ते सगळं या शब्दाच्या पदरात पडलं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी एकट्या 'रन' क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले, त्यात त्यांचे नऊ महिने गेले. तुमची वही कुठवर पुरणार?

म्हणून आधी कोण 'रन' करतंय ते बघा. पाणी असेल तर वाहतं, नाक असेल तर गळतं, साडीचा रंग असेल तर जातो, रस्ता असेल तर तोही जातोच. बाकी बहुतेक ठिकाणी, इंग्रज जिथं धावतो तिथं आपण चालतो. शाळा चालते, किराणा चालतो, कापसाची जिनिंग चालते, सिनेमा चालतो. (आमची यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला रेल्वेही चालायचीच. तिला 'रन' म्हणणं हा नुसता इंग्रजीचा मोठेपणा.) निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार धावतो, ब्रिटनमधला उभा राहतो. आपला सरपंचही उभाच राहतो, मग निवडून आल्यावर बसतो.

परीक्षेत खरी मार बसते ती दुसऱ्या ठिकाणी. मराठीत 'चालणे' वेगळं आणि 'चालवणे' वेगळं, इंग्रजीत दोन्हीला 'रन'च. 'द मोटर इज रनिंग' म्हणजे मोटर चालू आहे; 'आय रन द मोटर' म्हणजे मी मोटर चालवतो. क्रियापदानंतर कर्म आलंय का, एवढंच तपासायचं. 'रन आउट', 'रन ओव्हर', 'रन इंटू' अशा जोड्या मात्र जोडीनंच शिकाव्या लागतात, त्याला इलाज नाही. 'रन आउट' क्रिकेटमुळे माहीत असतं आणि तिथंच घात होतो. 'वी रॅन आउट ऑफ डिझेल' म्हणजे डिझेल संपलं, कोणी बाद झालं नाही. 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली चिरडणं आणि 'रन इंटू' म्हणजे अचानक गाठ पडणं किंवा धडकणं. कोणाशी गाठ आणि कशावर धडक, हे वाक्यच सांगतं.

आपल्या 'धाव'कडे एकदा बघा. क्रिकेटची धाव आहे. बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी तीही धाव. विहिरीचं पाणी बैलांकरवी मोटेनं ओढायचे तेव्हा बैल ज्या उतारावरून खाली जायचे, तीही धाव. गावातल्या म्हाताऱ्याला तिन्ही ठाऊक असतात आणि त्यानं एकही पाठ केलेली नसते. चाक, विहीर, बॅट, जे समोर असेल त्यावरून त्याला कळतं.

तर तुमचं वाक्य. तिथं मधुमेह 'रन' करतोय आणि तो घराण्याच्या आत करतोय. विहिरीचं पाणी पाटानं शेतात यावं तसा आजोबांकडून बापाकडे, बापाकडून मुलाकडे. काकांना हेच वाक्य परवा विचारलं. मोटरच्या चाव्या शोधता शोधता म्हणाले, "आमच्या घरात शुगर हायेच."