आयटीआयच्या मुलांना पहिल्या पगाराचं गणित कसं शिकवावं?

बजेटच्या तक्त्यापासून सुरुवात करू नका, मुलं जांभया देतात. आधी पगाराची स्लिप हातात द्या आणि प्रत्येकाला वजाबाकी करायला लावा.

समजा एकूण पगार १८,००० आहे: मूळ वेतन १२,०००, बाकी घरभाडे भत्ता. पीएफ मूळ वेतनाच्या १२ टक्के, म्हणजे १,४४०. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) एकूण पगाराच्या पाऊण टक्का, १३५. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंत माफ). हातात १६,२२५.

मुलं इथेच फसतात. मुलाखतीत ऐकलेला ‘सीटीसी’चा (कंपनीला कामगारामागे येणाऱ्या एकूण खर्चाचा) आकडा धरून बाईकचा हप्ता ठरवतात. त्यात कंपनीने भरायचा पीएफही मोजलेला असतो, हे कुणी सांगत नाही.

यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक, वर्गातच उमंग या सरकारी ॲपवर सुरू करून घ्या. आधार आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरशः सारखं हवं; ‘कुमार’ एकीकडे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरही दावा अडकतो. नोकरी बदलली की पीएफ काढायचा नाही, नव्या खात्यात वळवायचा. पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. पैसे काढले की मोजणी पुन्हा शून्यापासून.

खर्चाची वही त्यानंतर. महिनाभराची यूपीआयची यादी छापून आणायला सांगा, चहा-रिचार्जची बेरीज त्यांची त्यांनाच करू द्या.