चारदा सोडली, चारदा धरली: वाचकांचे प्रश्न

या वेळी सिगरेटवर इतकी पत्रं आली की बाकीचे विषय सरळ पुढच्या अंकात ढकललेत. सगळी घेता आली नाहीत, त्यात दोन-तीन पत्रांत प्रश्नच नव्हता, नुसती नवऱ्याबद्दलची तक्रार होती, ती वाचून मुकाट्याने बाजूला ठेवली.

प्रश्न: डॉक्टर, १७ वर्षं झाली, रोज एक पाकीट. चारदा सोडली, जास्तीत जास्त दोन महिने टिकलो, मग ये रे माझ्या मागल्या. निकोटिनचा पॅच पण लावून झाला. आता ऐकतोय की एका गोळीने सुटायचे चान्स दुप्पट होतात. दुप्पट म्हणजे नक्की किती? आणि हे मोजतात कसं, लोक खोटं नाही का सांगत?

खोटं सांगतात की, भरपूर सांगतात. म्हणून तर चांगल्या ट्रायलमध्ये "सोडली हो" एवढ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, मशीनमध्ये फुंकायला लावतात आणि श्वासातला कार्बन मोनॉक्साइड बघतात. आता यातही गंमत आहे, हा वायू रक्तातून ४-५ तासांत निम्मा होतो, म्हणजे आदल्या दिवसापासून हात आवरला की माणूस पास. कोटिनिन म्हणून निकोटिनपासून शरीरात बनणारा एक पदार्थ असतो, तो लाळेत, लघवीत काही दिवस सापडतो, पण पॅच लावलेल्या माणसातही तो सापडणारच, मग कळणार कसं की सिगरेटचा की पॅचचा? थोडक्यात पकडापकडी चालूच असते. २००५ मध्ये 'रसेल स्टँडर्ड' नावाचे नियम आले, त्यात सहा महिने किंवा वर्षभराचा हिशोब धरतात, मधे एकूण पाचपर्यंत सिगरेटी झाल्या तर माफ, आणि जो फॉलोअपला गायब झाला तो ओढतोय असंच धरायचं. हा शेवटचा नियम मला फार आवडतो, कारण गायब झालेल्यांना सोडून टक्केवारी काढली तर कुठलंही औषध जादूचं दिसेल.

आता तुमचं दुप्पट. तुम्ही म्हणताय ती गोळी बहुतेक व्हॅरेनिक्लिन. २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 'ईगल्स' नावाची मोठी ट्रायल आली, १६ देश, ८ हजारांवर लोक. नवव्या आठवड्यापासून चोविसाव्यापर्यंत सलग न ओढलेले किती? व्हॅरेनिक्लिनवाले २१.८ टक्के, ब्युप्रोपिऑन ही सिगरेट सोडायची दुसरी गोळी घेणारे १६.२, पॅचवाले १५.७ आणि नुसती खोटी गोळी घेणारे ९.४. म्हणजे दुपटीपेक्षा जास्तच, खरंय. पण तोच आकडा उलटा वाचा ना, सगळ्यात भारी औषध घेऊनही १०० पैकी ७८ जणांना जमलं नाही, आणि या सगळ्यांना दर भेटीत समुपदेशनही मिळत होतं. मग पॅच लावून तुमची परत सुरू झाली यात तुमचं मन कमकुवत आहे असं कुठे सिद्ध झालं? कसलीच मदत न घेता सोडणाऱ्यांत तर वर्षभराने १०० तले ३ ते ५ उरतात. कॅनडातल्या एका अभ्यासात, तोही २०१६ चाच, हिशोब असा निघाला की कायमची सुटेपर्यंत बऱ्याच जणांचे ३० किंवा जास्त प्रयत्न होत असावेत. तुमचे तर आत्ता कुठे चार.

पाचव्या वेळी मात्र तेच तसंच परत करू नका. पॅच एकटा लावला होता ना? पॅच दिवसभर संथपणे निकोटिन देतो, अचानक उसळणाऱ्या तल्लफेला तो पुरत नाही, तिथे जोडीला निकोटिनचं गम किंवा लॉझेंज, म्हणजे चोखायची गोळी, लागते. पॅच अधिक गम हे एकट्या पॅचपेक्षा चांगलं चालतं, यावर आता फारसा वाद राहिलेला नाही. दुसरं, तारीख ठरवा आणि त्या दिवशी पूर्ण बंद. "हळूहळू कमी करतो" हे सगळ्यांना गोड वाटतं पण इंग्लंडमधल्या सुमारे ७०० लोकांच्या ट्रायलमध्ये एकदम बंद करणाऱ्यांतले २२ टक्के सहा महिन्यांनी टिकून होते, हळूहळूवाल्यांतले १५.५. आणि गोळी हवीच असेल तर डॉक्टरांना विचारूनच, किडनीचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो, मळमळ होते, चित्रविचित्र स्वप्नं पडतात. त्या गोळीने डोकं बिघडतं अशी भीती होती, ती तपासायलाच तर ईगल्स केली, मुद्दाम निम्मे लोक मानसिक आजार असलेले किंवा होऊन गेलेले घेतले, आणि तसा ठळक धोका काही दिसला नाही, त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकांनी, गोळीच्या पाकिटावरची कडक सूचना काढून टाकली.

प्रश्न: माझे बाबा ६० चे आहेत. म्हणतात, आता सोडून काय उपयोग, जे व्हायचं ते झालं. फार मागे लागले तर म्हणतात दिवसाला एकच ओढीन. काय सांगू त्यांना?

बाबांना डॉक्टरांचीच गोष्ट सांगा. १९५१ मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून विचारलं, तुम्ही ओढता का, किती ओढता, आणि मग ३४ हजारांवर पुरुष डॉक्टरांचा मागोवा घेतला, कोण कधी कशाने गेला ते. डॉल स्वतः ओढायचे, आधीच्या अभ्यासाचे आकडे समोर आल्यावर त्यांनीच सोडली. २००४ मध्ये ५० वर्षांचा हिशोब छापून आला, ओढत राहणारे सरासरी १० वर्षं आधी जातात. तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी १० परत मिळतात, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीला ३. सरासरी आहे ही, बाबांच्या नावावर लिहून दिलेली नाही, पण "काय उपयोग"चं उत्तर तीन वर्षं असं आहे.

आणि "एकच ओढीन" यात एक गोची आहे. आपल्याला वाटतं वीसऐवजी एक म्हणजे धोका विसावा. फुप्फुसाच्या कॅन्सरचं गणित थोडंफार तसं चालतं, हृदयाचं अजिबात नाही. २०१८ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब केला तेव्हा दिसलं की रोज एक ओढणाऱ्याच्या हृदयाला, वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्यापैकी जवळपास निम्मा धोका असतोच.

प्रश्न: सिगरेटमध्ये निकोटिन, गममध्येही निकोटिन. मग हे आगीतून फुफाट्यात नाही का? शिवाय मी गम खाल्लं तर नुसत्या उचक्या लागल्या.

मायकल रसेल नावाच्या संशोधकाने १९७६ मध्येच लिहून ठेवलंय की लोक ओढतात निकोटिनसाठी पण मरतात टारने, म्हणजे धुरातल्या चिकट काळ्या पदार्थाने. निकोटिन साळसूद नाही, नाडी वाढवतं, सवय लावतं, लहान मुलांच्या हाती लागलं तर धोक्याचं, पण कॅन्सर आणि फुप्फुसांची वाट लागते ती मुख्यतः जळालेल्या धुरामुळे. आणि वेगाचा फरक बघा, झुरका मारला की निकोटिन काही सेकंदांत मेंदूत, गममधून यायला कित्येक मिनिटं. सवय लागते ती त्या झटक्याची.

उचक्यांचं म्हणाल तर तुम्ही ते चघळत बसला असणार. ते साधं च्युइंगम नाही! दोन-चार वेळा चावायचं, तिखट झणका लागला की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून गप्प बसायचं, झणका गेला की परत चावायचं, असं अर्धा तास. सारखं चघळलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, तिथे उपयोग कमी आणि उचक्या, जळजळ जास्त. कॉफी किंवा आंबट पेय घेतल्यावर १५ मिनिटं गम नको, तोंडात आंबटपणा असला की निकोटिन शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचं, नाहीतर २ चं. "गम वापरून बघितलं, काही होत नाही" म्हणणाऱ्यांना मी आधी खाऊन दाखवायला सांगते, बहुतेकांचं इथेच चुकतं.

प्रश्न: मग व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, का नको? मित्राची त्यानेच सुटली.

सुटली असेल, त्याला खोटं म्हणत नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ८८६ लोकांच्या ट्रायलमध्ये वर्षाने ई-सिगरेटवाले १८ टक्के सुटलेले, पॅच-गमवाले ९.९. पण जे सुटले त्यांच्यातले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते, पॅच-गमने सुटलेल्यांत अजून पॅच-गम वापरणारे मात्र ९ टक्केच. तेव्हा ओढणाऱ्यासाठी दगडापेक्षा वीट मऊ, इतकंच. जो ओढतच नाही त्याने वीट तरी का उचलावी? आणि तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते आधी बघा, बऱ्याच देशांत विक्रीलाच बंदी आहे.

प्रश्न: सोडून दहा दिवस झाले. झोप नाही, हात थरथरतात, चिडचिड होते. पॅच चालू आहे तरी असं का? कॉफी तर पूर्वीइतकीच घेते, चार-पाच कप.

ताई, तुमचं उत्तर तुमच्याच शेवटच्या ओळीत आहे. धुरातल्या टारमुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात चालायला लागतं आणि तेच कॅफीनही फटाफट संपवतं. ओढणं थांबलं की ते आठवडाभरात मंदावतं, मग तेवढ्याच कॉफीत रक्तातलं कॅफीन बरंच वर जातं. पॅच इथे काही करू शकत नाही कारण हे काम टारचं, निकोटिनचं नाही. सगळा दोष कॉफीचा नाही, सोडल्यानंतरची चिडचिड पहिल्या आठवड्यात जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते, पण कप निम्मे करा आणि दुपारनंतर बंद, चार दिवसांत फरक कळेल. क्लोझापिन, ओलान्झापिन ही मानसिक आजारावरची औषधंही याच एन्झाइमच्या हाती असतात, त्यामुळे घरात कोणी ती घेत असेल आणि सिगरेट सोडणार असेल तर सोडायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, डोस बदलावा लागतो.